बूच कुणाच्या खिशात

मित्रांनो, मी एक जुनी सहाचाकी गाडी आहे आणि माझ्या पोटाला एक भोक आहे. ऐकून हळहळू नका, ते कुठे आपटून पडलेलं नाही. कारखान्यातच मुद्दाम ठेवलेलं आहे, मागच्या बाजूला, अगदी तळाशी, तुमचा अंगठा जाईल एवढं. त्यात एक बूच बसतं. बूच जागेवर असलं की मी पाण्यावर तरंगते. नसलं की काय होतं, ते सांगायलाच आज तोंड उघडलं आहे.

बेडकाच्या धड्यात तुम्ही ‘उभयचर’ हा शब्द पाठ केला असेल. मी त्यातलीच. जमिनीवर चालते, दलदलीत चालते, बर्फावर चालते आणि पाणी लागलं की तशीच पुढे जाऊन पोहते. मला गोल चाक फिरवून वळवत नाहीत, दोन दांडे असतात. डावा ओढला की डावीकडची चाकं थांबतात आणि मी डावीकडे वळते. पाण्यात माझी चाकंच वल्ह्यांचं काम करतात, म्हणून तिथे माझा वेग अगदी बेताचा. बदकं मला मागे टाकतात आणि वर वळून बघतात. ते मी अजूनही मनाला लावून घेते.

माझा जन्म कॅनडातला. तिथून जहाजाने मी फिनलंडला आले आणि पहिली चौदा वर्षं उत्तरेकडच्या दलदलीत विजेच्या तारा सांभाळणाऱ्या माणसांबरोबर काढली. तेव्हा माझे फार लाड होते. दर शुक्रवारी साखळ्यांना ग्रीस, दर महिन्याला पट्ट्याची तपासणी. वादळात तारा तुटल्या की सगळ्यात आधी मला हाक. पुढे माझ्यापेक्षा मोठ्या आठचाकी गाड्या आल्या, आणि मला ताइस्तो नावाच्या शेतकऱ्याने घेतलं. त्याने चार-पाच वर्षं शिकारीतली एल्क जातीची मोठी हरणं माझ्या पाठीवरून वाहिली आणि मग मला गोठ्यामागे उभी केली. उपयोग संपला की माणसं वस्तू लगेच टाकत नाहीत, नुसती थोडी मागे सरकवतात. मी चार हिवाळे मागे सरकलेली होते. माझ्या सीटमध्ये उंदरांनी घर केलं, त्यांच्या तीन पिढ्या मी पाहिल्या.

एका ऑक्टोबरात भंगाराचा ट्रक अंगणात आला. माझ्याशेजारचा गंजका नांगर त्यात चढवला. ड्रायव्हरने माझ्याकडे बोट दाखवलं. ताइस्तो डोकं खाजवत म्हणाला, ‘‘हिचं पुढच्या खेपेला बघू. आधी जाहिरात टाकून बघतो.’’ मग त्याने चारही बाजूंनी माझे फोटो काढले. फोटो काढले म्हणजे आपल्याला विकणार, हे मला तेव्हा कळलं. विकली गेले नाही तर पुढची खेप कसली, तेही कळलं.

तीन आठवडे कोणी आलं नाही. चौथ्या आठवड्यात दोन म्हातारी माणसं आली, पाचशे किलोमीटरवरून, मागे ट्रेलर जोडून. गुन्नेल अडुसष्ट वर्षांची, ठेंगणी, बोलायला फटकळ. तिचा भाऊ होल्गर तिच्याहून तीन वर्षांनी मोठा, उंच, आणि बोलण्याचं सगळं काम बहिणीवर सोपवलेला. दोघं दक्षिणेकडच्या बेटांवरची, आल्शेर नावाच्या बेटावर राहणारी. त्या बेटावर त्यांचं एकच घर होतं.

‘‘चार हजार युरो,’’ ताइस्तो म्हणाला. ‘‘इंजिन एका झटक्यात सुरू होतं.’’

‘‘इंजिन सगळ्यांचीच सुरू होतात,’’ गुन्नेल म्हणाली. ‘‘पाण्यात उतरवा, मग बोलू.’’

‘‘तळ्यावर पापुद्रा धरलाय बर्फाचा. कशाला उगीच?’’

‘‘पापुद्रा असतो तेव्हाच आम्हाला हिची गरज आहे.’’

मित्रांनो, मला पाण्यात उतरायचं नव्हतं. कारण माझ्या मागच्या डाव्या आसाचं पाणी अडवणारं रबरी सील फाटलेलं होतं, आणि ते ताइस्तोलाही ठाऊक नव्हतं. ते फक्त मलाच ठाऊक होतं. गुन्नेलने पिशवीतून बटाट्याच्या पिठाचा पुडा काढला, होल्गरने माझ्या तळाच्या फळ्या उचलल्या, आणि तिने आतल्या कोरड्या तळावर सगळीकडे पांढरं पीठ भुरभुरलं. ताइस्तो बघत राहिला. होडी विकत घेताना बेटांवर असंच करतात. पाणी कुठून शिरतं ते पीठ सांगतं.

मी तळ्यात उतरले, दहा मिनिटं गोल गोल फिरले, बाहेर आले. पीठ सगळीकडे पांढरं होतं, फक्त मागे डावीकडे त्याची खळ झाली होती. मला इतकी लाज वाटली की माझं इंजिनच बंद पडलं.

‘‘सील गेलंय,’’ होल्गर म्हणाला. त्या दिवशीचं त्याचं ते पहिलं वाक्य. मग त्याने पाणी उपसायच्या पंपाचं बटण दाबून पाहिलं. आवाज नाही. ‘‘पंपही गेलाय.’’ हे दुसरं.

‘‘हे काही भंगार नाही हां,’’ ताइस्तो म्हणाला.

‘‘भंगार असतं तर आम्हाला परवडलं असतं,’’ गुन्नेल म्हणाली. ‘‘ह्या माझ्या भावाच्या होडीचं मोठं इंजिन विकून तीन हजार आलेत. तेवढेच आहेत. घ्यायचे तर घ्या, नाहीतर रस्ता लांबचा आहे आमचा.’’

ताइस्तोने तळ्याकडे पाहिलं, गोठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘‘उंदीर तुमचे,’’ तो म्हणाला, आणि हात पुढे केला.

तेवढ्यात होल्गरने एक गोष्ट केली. खाली वाकून त्याने माझं बूच काढलं, आत आलेलं पाणी जाऊ दिलं आणि बूच आपल्या निळ्या जॅकेटच्या खिशात टाकलं. ताइस्तो हसला. ‘‘अहो, ते काढत नाहीत. ही काय होडी आहे का?’’

‘‘पाण्यात चालते ना?’’ होल्गर म्हणाला. ‘‘मग होडीच.’’

हे वाक्य लक्षात ठेवा. त्या बेटांवर ज्याने होडी काठावर ओढली, तो बूच काढतो, म्हणजे पावसाचं पाणी साचत नाही, आणि बूच स्वतःच्याच खिशात ठेवतो. पुन्हा होडी ढकलायला वाकला की खिशातलं बूच मांडीला टोचतं आणि आठवण होते. शेकडो वर्षांत त्यांचं काही चुकलेलं नाही. चांगली सवय आहे ती. पण ती होडीसाठी आहे.

आल्शेरला पोचले तेव्हा धक्क्यावर गुन्नेलची मुलगी मारिता उभी होती. ती पार्गास शहरात राहते, शाळेत शिकवते. माझ्याभोवती एक फेरी मारून ती म्हणाली, ‘‘आई, ही माझ्यापेक्षा म्हातारी दिसतेय.’’

‘‘तुझ्यापेक्षा कमी कुरकुरते.’’

मारिता हसली नाही. मागच्या वसंतात होल्गरला हृदयाचा झटका येऊन गेला होता, आणि तो नेमका ‘मेनफ्योरे’च्या दिवसांत. हा त्यांचा शब्द आहे. वर्षातून दोनदा, हिवाळा येताना आणि जाताना, काही आठवडे असे असतात की बर्फ पाय ठेवायला कच्चं आणि होडीला घट्ट. तेव्हा बेटावरचा माणूस बेटावर. आकाश स्वच्छ होतं म्हणून त्या खेपेला हेलिकॉप्टर आलं आणि होल्गर वाचला.

‘‘मी आता सरळ सांगते,’’ मारिता म्हणाली. ‘‘येणारी दोन्ही मेनफ्योरे तुम्ही हिच्यावर निभावलीत तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाहीतर दोघांनी पार्गासला यायचं. दोन खोल्या आहेत, खाली दवाखाना आहे, लिफ्ट आहे.’’

‘‘लिफ्टनं जायचं कुठे?’’ होल्गर म्हणाला. ‘‘वर?’’

‘‘मामा, मी मस्करी करत नाहीये.’’

‘‘मीही नाही,’’ होल्गर म्हणाला.

तर मित्रांनो, त्या दोघांचं घर, विहीर, जाळी, आई-वडिलांनी लावलेली सफरचंदाची चार झाडं, असं सगळं माझ्या सहा चाकांवर येऊन बसलं. मला एवढा भार आजवर कोणी दिला नव्हता. रात्री मला काळजी वाटायची, आणि थोडा अभिमानही.

होल्गरने पाठीवर निजून, नाकाचा शेंडा लाल होईपर्यंत, माझं फाटकं सील बदललं. पंपाचे पैसे उरले नाहीत. ‘‘पंप पुढच्या वर्षी,’’ गुन्नेल म्हणाली. ‘‘एवढी वर्षं हातानंच उपसतोय की.’’ होल्गरने माझ्या नाकावर पांढऱ्या रंगात नाव लिहिलं, ‘पद्दान’. म्हणजे बेडकी. चार वर्षं गोठ्यामागे उभं राहिल्यावर नाव मिळणं काय असतं, ते तुम्हाला कसं सांगू?

डिसेंबरात कच्च्या बर्फातून मी दोनदा पलीकडे जाऊन आले. दोन्ही वेळा निघताना होल्गर वाकला, बूच बसवलं, मगच चढला. जानेवारीत बर्फ पक्कं झालं, आणि त्याने दरवर्षीसारख्या आल्शेरपासून पलीकडच्या किनाऱ्यावरच्या नोर्नेसच्या धक्क्यापर्यंत तीन किलोमीटर ज्युनिपर नावाच्या झुडपाच्या फांद्या बर्फात रोवल्या, वाट दिसावी म्हणून. त्यानंतर तीन महिने मी नुसती बर्फावरून धावले. पाणी लागलंच नाही. तीन महिन्यांत हात बूच बसवायला विसरतात, मित्रांनो. काढायची सवय मात्र विसरत नाहीत.

एप्रिलचा दुसरा आठवडा. शनिवारभर पाऊस पडला. माझ्या पोटात पाणी साचताना होल्गरने खिडकीतून पाहिलं, आला, बूच काढलं, निळ्या जॅकेटच्या खिशात टाकलं आणि चहा प्यायला गेला. मला बरंच वाटलं. ओलं राहिलं की माझी हाडं दुखतात.

रविवारी सकाळी साडेआठला गुन्नेल घरातून पळत बाहेर आली. तिला पळताना मी पहिल्यांदाच पाहिलं. तिने मला सुरू केलं आणि तापत ठेवलं, परत आत गेली आणि होल्गरला खांद्यावर तोलत घेऊन आली. त्याचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. पायजम्यावरच तिने त्याला मेंढीच्या कातड्याचा जाड कोट घातला होता, आजोबांचा. निळं जॅकेट दाराच्या खुंटीवर राहिलं.

धुकं एवढं होतं की होड्यांचं खोपट दिसत नव्हतं. फोनवर ती मारिताशी बोलत होती. ‘‘धुक्यात हेलिकॉप्टर निघत नाही म्हणाले. रुग्णवाहिका नोर्नेसच्या धक्क्यावर थांबतेय. मी आणते त्याला. जिभेखाली गोळी दिलीय. तू थेट तिथे ये.’’ मग फोन खिशात टाकून होल्गरला म्हणाली, ‘‘मागे बस. टेकून. काही करायचं नाही, काही बोलायचं नाही.’’

‘‘बोलतो कधी मी,’’ तो म्हणाला.

दांडे पुढे गेले. आणि मी काय करणार? मला हात नाहीत, तिला ऐकू जाईल असं तोंड नाही. तिने मला ढकललं नाही, कारण मला ढकलावं लागत नाही. होडी असती तर दोघं काठावर वाकली असती, हात खिशात गेला असता, रिकामा खिसा लागला असता. मी जमिनीवरून बर्फावर आणि बर्फावरून पाण्यात अशीच बसल्या बसल्या जाते. तोच माझा गुण, आणि त्या दिवशी तोच दोष झाला. इंजिन अडखळवून पाहिलं मी एकदा. ‘‘आज नको हं, पद्दान,’’ गुन्नेल म्हणाली, आणि तिच्या आवाजाला मी नाही म्हणू शकले नाही.

पहिला किलोमीटर बर्फाने तोललं. वर घोटाभर पाणी, खाली काळपट बर्फ. एकेक ज्युनिपरची फांदी धुक्यातून पुढे यायची, आणि पुढची दिसेपर्यंत गुन्नेल श्वास धरायची. काही फांद्या आडव्या पडल्या होत्या. एक दिसलीच नाही. तिथे ती थांबली, कंपास बघितला, पुन्हा निघाली. मी मनात म्हणत होते, बर्फा, एवढा आजचा दिवस धर.

सामुद्रधुनीत प्रवाह असतो, तिथलं बर्फ आधी जातं. दुसऱ्या किलोमीटरच्या मध्यावर माझं नाक खाली गेलं, आवाज न होता, ओली पोळी फाटावी तसं बर्फ फाटलं, आणि मी पाण्यात आले. गुन्नेल दचकली नाही. ह्यासाठीच तर तिने मला घेतलं होतं. तिने दांडे धरून ठेवले, चाकं फिरत राहिली, मी पोहू लागले. आणि त्याच क्षणी माझ्या पोटात गार धार शिरली.

दोन मिनिटं कोणाला कळलं नाही. मग होल्गर म्हणाला, ‘‘पायाला गार लागतंय.’’

‘‘वारा असेल.’’

‘‘वारा ओला नसतो, गुन्नेल.’’

तिने मागे वळून पाहिलं. तळाच्या फळ्यांवर पाणी आलं होतं. तिची नजर मागच्या कोपऱ्यात गेली, मग होल्गरच्या चेहऱ्यावर. होल्गरचा हात आपणहून कोटाच्या खिशाकडे गेला होता. तो तिथेच थांबला.

‘‘निळ्या जॅकेटमध्ये आहे,’’ तो म्हणाला.

तिने त्याला एक शब्द लावला असता तर मला आश्चर्य वाटलं नसतं, एरवी मीठ जास्त पडलं तरी दिवसभर ऐकवणारी बाई ती. पण ती दांडे सोडून मागे सरपटत आली, फळी उचलली, कोपरापर्यंत हात बर्फाच्या पाण्यात घातला आणि चाचपून भोक शोधलं. बोट घातलं. धार थांबली. पण बोट घालून बसली तर गाडी कोण चालवणार?

बर्फावर जाणारा प्रत्येक माणूस तिथे गळ्यात दोन टोचे अडकवतो. लाकडी मूठ आणि टोकाला खिळा. बर्फ फुटून पाण्यात पडलात, तर ते टोचे बर्फात रोवून स्वतःला वर ओढायचं. एका टोच्याने वर येता येत नाही, दोन लागतात. गुन्नेलने आपल्या गळ्यातला एक काढला, त्याच्या मुठीवर लोकरी हातमोज्याचा अंगठा चढवला आणि ती मूठ माझ्या भोकात दाबली. लोकर भिजून फुगली. धार झिरपण्यावर आली.

‘‘ह्याच्यावर पाय दाबून ठेव,’’ ती म्हणाली. ‘‘बुटाची जाड टाच खिळ्याला लाव. जोर करायचा नाही, नुसता पायाचा भार. पाय काढलास तर जन्मात बोलणार नाही तुझ्याशी.’’

‘‘गुन्नेल, तुझ्याकडे एकच टोचा उरला. मला घातलेल्यांतला घे तू. मी कोट काढला की...’’

‘‘कोट काढायचा नाही. गप्प बस.’’

एव्हाना मी मागून बरीच खाली बसले होते. उपसायला भांडं नव्हतं. उपसायचं भांडं होडीत असतं, आणि मी होडी आहे हे फक्त बूच काढताना आठवलं होतं. गुन्नेलने पायातला एक बूट काढला आणि त्याने उपसायला लागली. पुढे जायचं की उपसायचं, दोन्ही एकदम होत नव्हतं. एकीकडे होल्गरचा श्वास आखूड होत होता, दुसरीकडे मी बुडत होते. ती मोठ्याने बूट मोजत होती. साठ बूट, असं तिने ठरवलं. साठ झाले की पुढे. पन्नासाव्या बुटाला तिचा आवाज फुटला, तरी साठपर्यंत तिने मोजलं.

मग आली ती खरी कठीण जागा. पाण्यात उतरणं सोपं असतं मित्रांनो, पाण्यातून बर्फावर परत चढणं अवघड. चाकं कडेवर ठेवली की कड मोडते. पुन्हा पुढे, पुन्हा मोडते. मागून जड असले की नाक वर उचलतं आणि चाकं हवेत फिरतात. पहिली कड मोडली. दुसरी मोडली. तिसऱ्या वेळी पुढची चाकं वर गेली, आणि माझा मागचा भाग पाण्यात एवढा बसला की पाणी काठावरून आत डोकावलं.

‘‘होल्गर, पुढे सरक. पाय न काढता.’’

‘‘एवढा लांब पाय नाही माझा.’’

‘‘नेहमी म्हणतोस ना, घराण्यात सगळ्यात उंच मीच.’’

तो हसला. खरंच हसला, आणि जेवढं वाकता येईल तेवढा पुढे वाकला, टाच टोच्यावर ठेवूनच. गुन्नेल दांड्यांवर जवळजवळ आडवी झाली. माझं नाक खाली आलं, पुढच्या चाकांना बर्फ लागलं, मग मधल्यांना. मी आयुष्यात केला नव्हता एवढा जोर केला. पट्ट्याचा वास सुटला. मागचा डावा आस करकरला, तोच, ज्याचं सील होल्गरने नाक लाल करून बदललं होतं. तो टिकला. ज्या हाताने बूच काढलं, त्याच हाताने ते सील घातलं होतं. दोन्ही कामं त्याने माझ्या काळजीनेच केली होती. हे मला तिथे, त्या कडेवर, कळलं आणि मी वर आले.

नोर्नेसच्या धक्क्यावर आधी रुग्णवाहिकेचा दिवा दिसला, मग दोन माणसं, मग मारिता. तीन किलोमीटरला आम्हाला सव्वा तास लागला होता. गुन्नेलचा एक पाय नुसत्या मोज्यात होता. माणसं होल्गरला उचलायला आली, तर तो पाय उचलेना.

‘‘आजोबा, पाय सोडा.’’

होल्गरने गुन्नेलकडे पाहिलं.

‘‘आता काढ,’’ ती म्हणाली.

त्याने टाच उचलली. टोचा सुटून पडला आणि माझ्या पोटातलं सगळं पाणी त्याच भोकातून धक्क्याच्या खडीवर धो धो वाहू लागलं. मारिता त्या पाण्याकडे बघत राहिली.

‘‘आई, हे काय आहे?’’

गुन्नेलने तोंड उघडलं. ‘‘कालचा पाऊस...’’ ती म्हणाली, आणि तिथेच अडली. मला समजत होतं ती का अडली. खरं सांगितलं की घर गेलं. हेच तर ठरलं होतं.

‘‘बूच मी काढलं होतं,’’ स्ट्रेचरवरून होल्गर म्हणाला. आवाज बारीक होता, पण स्पष्ट. ‘‘माझ्या निळ्या जॅकेटमध्ये आहे. तिची काही चूक नाही.’’

ती म्हणजे गुन्नेल की मी, हे त्याने सांगितलं नाही. मी ते माझ्यासाठी ठेवून घेतलं.

मारिताने आईच्या नुसत्या मोज्यातल्या पायात स्वतःचा बूट घातला, दोघी रुग्णवाहिकेच्या मागे निघून गेल्या, आणि मी धक्क्यावर एकटी राहिले.

जवळजवळ आठ आठवडे मी तिथे होते. बर्फ गेलं, पाणी मोकळं झालं, होड्या ये-जा करू लागल्या. लोकांच्या बोलण्यातून कळलं की होल्गर वाचला आहे आणि दोघं पार्गासला मारिताकडे आहेत. लिफ्टच्या घरात. कोणीतरी म्हणालं, आता कशाची येतात परत. माझ्या सीटमध्ये पुन्हा एक उंदीर शिरला. मी त्याला नाही म्हटलं नाही.

एका दुपारी मारिता आली. एकटीच. तिने माझ्याभोवती फेरी मारली, मागे वाकली आणि फोन काढून फोटो घेतले. पुढून, मागून, डावीकडून, उजवीकडून. शेवटी त्या भोकाचा, अगदी जवळून. मित्रांनो, फोटोंचा अर्थ मला माहीत होता. ती गेल्यावर मी खूप वेळ समुद्राकडे पाहिलं. मला स्वतःचं एवढं वाईट वाटत नव्हतं. मी विकली जाणार, म्हणजे आल्शेरची खिडकी बंद राहणार, याचं वाटत होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती परत आली. या वेळी गाडीतून तिघं उतरली. होल्गर काठी टेकत, बारीक झालेला. गुन्नेल नव्या बुटात, हातात एक खोकं घेऊन. खोक्यात पंप होता. मारिताने पर्समधून एक जड, पितळी बूच काढलं, फोटोवरून माप घेऊन घडवलेलं. त्याला लांब, बारीक साखळी होती आणि साखळीच्या टोकाला एक कडी. मारिताने माझी किल्ली आईकडून मागून घेतली, त्या कडीत अडकवली, आणि पकडीने कडी दाबून कायमची बंद केली.

‘‘घे, मामा,’’ ती म्हणाली. ‘‘आता खिशात ठेव, नाहीतर खुंटीवर ठेव. किल्ली लावायला गेलास की बूच हातात येईल.’’

होल्गरने ते दोन्ही तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिलं. ‘‘बूच आत आणि किल्ली वर, एका वेळी कशी लागणार?’’

‘‘साखळी घातलीये मध्ये. पाहा ना जरा. शाळेत मुलांना शिकवते मी.’’

गुन्नेल तोंड फिरवून धक्क्याकडे बघत उभी राहिली. ‘‘म्हणजे,’’ ती म्हणाली, ‘‘बटाटे लावायला अजून उशीर नाही झालेला.’’ होल्गर काठी बाजूला ठेवून वाकला, बूच बसवलं, साखळी ओढून पाहिली, आणि मगच चढला.

त्यानंतर तीन हिवाळे गेले. गेल्या सप्टेंबरात होल्गर गेला, आपल्या घरात, सफरचंदं उतरवून झाल्यावर, दुपारच्या झोपेत. मला फार आठवण येते त्याची. माझ्याशी इतकं कमी बोलून इतकं काम कोणीच केलं नव्हतं.

मित्रांनो, मी तुम्हाला शहाणपण शिकवणार नाही, बेडकीने काय शिकवावं. एवढंच मागते. जुनी वस्तू घ्याल तेव्हा ती कुठे गळते ते आधी बघा, आणि बघितलंत तरी तिला नाकारू नका, दुरुस्त करा. आणि कधी कशाचं काही काढून ठेवलंत, चांगल्या मनाने जरी ठेवलंत, तरी घरातल्या दुसऱ्या माणसाला सांगा, कुठे ठेवलं ते.

आज सकाळपासून पाऊस आहे. मघाशी गुन्नेल आली, वाकली, बूच काढलं, पाणी जाऊ दिलं. किल्ली आणि बूच तिने खिशात टाकलं. अंगात निळं जॅकेट होतं. तिला ते फार मोठं होतं, खिसा गुडघ्याशी येतो, आणि घराकडे चालत जाताना बूच तिला दर पावलाला टोचत होतं.